टॉवेल-टोपी आणि माझा भैरव

२ फेब्रुवारी, रविवार

अखेर समाजाने दखल घेतली. दुपारी सोमशेखर दुकानात आला होता. हा आमच्या कॉलनीतल्या संगीत मंडळाचा सेक्रेटरी. तेवीस तारखेला, रविवारी सकाळी, कॉलनीच्या ग्राउंडवर संगीत महोत्सव घेतायत. सगळं फुकट. प्रवेश फुकट, चहा फुकट, कलाकारही फुकट. गावातल्या कुणालाही गाता येईल.

आता तो आला होता सत्काराचे टॉवेल मागायला, हे खरं. नवी पेठेत टॉवेल-चादरीचं दुकान म्हटल्यावर कुणी ना कुणी येतंच. "शेठ, पंचवीस टॉवेल-टोपीचं बघा की जरा," म्हणाला. पण टॉवेल हे निमित्त. मी सहज बोलून गेलो की मीही थोडंफार गातो. त्यावर तो बराच वेळ टॉवेलांच्या थप्पीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, गा की मग. इतक्या आदराने मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

राग भैरव गाणार. सकाळचा राग आहे आणि नाव भारदस्त आहे.

संकल्प: रोज पहाटे पाचला रियाज. दही, लोणचं, तेलकट बंद. गिऱ्हाइकावर ओरडणं बंद, कारण घसा जपायचा आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सातला उठलो. घशाला झोप लागते असं कुठेतरी वाचलंय.

एका बाईंनी दुकानातल्या निम्म्या चादरी उलगडून एकही घेतली नाही. ओरडलो. उद्यापासून नाही ओरडणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

रियाज सुरू. पहाटे नाही, संध्याकाळी दुकान आवरल्यावर, वरच्या गोडाऊनमध्ये. तबल्याला इसूफभाई. यांचं शिलाईचं दुकान आमच्याच बोळात. आमच्या टॉवेलांच्या कडा तेच शिवतात आणि तरुणपणी कव्वालीच्या पार्टीत तबला वाजवायचे.

आज चारदा थांबावं लागलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "सेठ, तुम आगे निकल जाते, मैं पीछे दौडता. कबी सम पे मिलो की." मी त्यांना समजावलं की मोठ्या गवयाच्या मागे तबलजीला दौडावंच लागतं. त्यांनी तबल्यावर कापड टाकलं आणि पान खाल्लं. वय झालंय त्यांचं, हात मंदावलाय. जुना माणूस आहे म्हणून सांभाळून घेतोय.

गोडाऊनमध्ये माझा आवाज थोडा बारीक वाटतो. चादरींचे गठ्ठे आवाज खातात. मोकळ्या ग्राउंडवर हा प्रश्न येणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी रियाज करून बघितला. सुकन्या म्हणाली, "अहो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळंना झालंय." आमची ही वैरागची. माहेरी गाण्याचं वातावरण नव्हतं. पण एक लक्षात आलं, माझा आवाज कुकरच्या वर जातो. ही साधी गोष्ट नाही.

आजपासून पुन्हा गोडाऊन.

९ फेब्रुवारी, रविवार

बिभीषण दुकानात आला होता. वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस. मोबाइलवर कराओके लावून जुनी भावगीतं म्हणतो आणि त्याला गाणं समजतो. तोही महोत्सवात गाणार आहे म्हणे. मी नॅपकिन दाखवत दाखवत त्याला शास्त्रीय संगीत म्हणजे काय ते सांगितलं. बिचारा सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला की मला त्यातलं काही येत नाही हो शेठ, आवडतं म्हणून गातो. निदान प्रामाणिक आहे.

अशा माणसाच्या आधी किंवा नंतर गायची वेळ येणं वाईटच. पण फुकटच्या महोत्सवात हे चालायचंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज हे लिहूनच टाकतो. वाचणारं कुणी नाही.

मी नववीत असताना शाळेतले गाण्याचे सर दुकानात आले होते. मुलाला क्लासला पाठवा म्हणाले. आप्पा गादीवर बसून गजाने कापड मोजत होते. मोजता मोजताच म्हणाले की गिऱ्हाईक गाणं ऐकायला येत नाही. सर चहा न घेता गेले आणि विषय संपला. तेव्हापासून आजपर्यंत मी आप्पांसमोर एक ओळ म्हटलेली नाही. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझं गुणगुणणं आपोआप बंद होतं. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील गुरुबसप्पा हत्तुरे, चौऱ्याऐंशी वर्षांचे. नजर गेलीय अर्धी, पण कान अजून बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि रोज गादीवर येऊन बसतात. त्यांनी एकदा समोर बसून मला ऐकावं आणि चांगलं म्हणावं. बास. बाकी पब्लिक गेलं उडत.

आज धीर करून त्यांना विचारलं, येणार का. त्यांनी विचारलं की दुकान बंद ठेवणार का. म्हटलं नाही, रविवारी आपण अकरालाच उघडतो. मग येतो म्हणाले.

रात्री जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टॉवेलांचा निर्णय घेतला. सोमशेखरने पंचवीस मागितले होते, मी शंभर देतोय. पंचवीस टॉवेलांत माझं नाव किती लोकांपर्यंत पोचणार? प्रत्येकावर महोत्सवाचं नाव, तारीख आणि खाली ठळक अक्षरात 'सौजन्य: श्रीशैल हत्तुरे' छापून घेतलं. बरोबर शंभर टोप्या.

सोमशेखर जरा घाबरला. सत्काराला शंभर माणसं आणू कुठून, म्हणाला. मी म्हटलं, सोलापुरात गुणी माणसांना काय तोटा आहे. फक्त माझ्या दोन अटी. प्रत्येक सत्काराला माइकवर माझं नाव घ्यायचं. आणि एकही टॉवेल परत आणायचा नाही. सत्काराला काढलेला माल दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही, ही आप्पांची शिस्त आहे. सोमशेखरने कानाला हात लावून शब्द दिला. शब्दाचा पक्का पोरगा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घसा बसला. कारण शोधून काढलं: शेंगा चटणी. दोन आठवड्यांपूर्वी तेलकट बंद केलं होतं, पण शेंगा चटणी ही तेलकटमध्ये धरत नाहीत, कारण ती कडक भाकरीबरोबर खातात. सुकन्याला विचारलं तर ती म्हणाली, चार चमचे तेल तुम्हीच वरून ओतून घेतलं की.

हळद-दूध घेतलं. रियाजाला सुट्टी. विश्रांती हाही रियाजच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यक्रमपत्रिका मोबाइलवर आली. माझं नाव दुसरं, बिभीषणचं शेवटचं. म्हणजे मी साडेसातला, लोक अजून खुर्च्या शोधत असताना. ताबडतोब सोमशेखरला फोन केला. त्याला सांगितलं की मोठा गवई कधी सुरुवातीला गात नाही, महोत्सवाची सांगता त्याने करायची असते. तो म्हणाला, "शेठ, धा वाजता ग्राउंड क्रिकेटवाल्यांना दिलंय. शेवटी ऱ्हायला तर अडचण हुईल." मी म्हटलं, टॉवेल पोचले का? तो म्हणाला पोचले. मग त्याने माझं नाव शेवटी घातलं आणि बिभीषणचं त्याच्या आधी.

आयोजकांना थोडं शिकवावं लागतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रंगीत तालीम. श्रोता म्हणून येडूला बसवलं. येडू वळसंगहून रोज एसटीने येतो आणि गेली वीस वर्षं आमच्याकडे गिऱ्हाईक सांभाळतो. सगळं ऐकून म्हणाला, "शेठ, आवाज लई हाय तुमचा. पर गाणं कुटं सुरू हुतंय ते कळंना." अशा साध्या माणसाचा आवाजाला दाद देणारा शेरा मी मोठा मानतो. पुढचं वाक्य त्याने गोंधळून म्हटलं असावं.

इसूफभाई आज एकदाही थांबले नाहीत. मी कुठेही गेलो तरी ते आपला ठेका धरून बसले होते. शेवटी दोघंही एकदमच थांबलो. याला समजूतदार साथ म्हणतात.

उरलेला वेळ भाषणात गेला. गाण्याआधी लोकांना कलाकार कळला पाहिजे. माझी साधना, यूट्यूबवरचे माझे तीन गुरू, भैरवाचं व्यापारी जीवनातलं स्थान, असे मुद्दे काढलेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवा कुर्ता. इसूफभाईंनी शिवला, पोटावर जरा घट्ट आहे. श्वास कमी घ्यावा लागेल.

आप्पांनी आपण होऊन विचारलं की उद्या किती वाजता. म्हणजे लक्षात आहे. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध ठेवायला सोमशेखरला सांगितलंय.

उद्या या वेळेपर्यंत सगळं झालेलं असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार, पहाटे ५

उठलो. महिन्यात पहिल्यांदाच. घसा उत्तम. कुर्त्याची बटणं दोनदा चुकीची लावली, पण गायला बटणं लागत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपार

शांतपणे लिहितो.

साडेसहाचा कार्यक्रम सात वाजून गेल्यावर सुरू झाला. दीपप्रज्वलन, मग सत्कार. सोमशेखरने खरोखर शब्द पाळला. उद्घाटकांचा सत्कार, अध्यक्षांचा, माजी अध्यक्षांचा. मांडववाल्याचा, खुर्च्यावाल्याचा, माइकवाल्याचा. प्रत्येक वेळी "टॉवेल-टोपी श्रीशैल हत्तुरे यांच्याकडून". ऐकताना बरं वाटत होतं. पहिला गायक उभा राहिला तेव्हा आठ वाजले होते.

मग प्रत्येक गाण्यानंतर गायकाचा सत्कार, पेटीवाल्याचा सत्कार, तबलजी म्हणून इसूफभाईंचा सत्कार. इसूफभाईंना दर गाण्यामागे एक टॉवेल. स्वतः कडा शिवलेले पाच टॉवेल त्यांनी तबल्याशेजारी घडी करून ठेवले आणि टोप्या एकात एक घातल्या. तरी ढीग कमी होईना. सोमशेखरने चहावाल्याला वर बोलावलं. मग ग्राउंडवर फिरायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना रस्त्यावरून बोलावलं. त्यातल्या एकांचा दुसऱ्या फेरीला पुन्हा सत्कार झाला. पब्लिक हसत होतं. माझं नाव आलं की टाळ्याही पडत होत्या. लोकप्रियता म्हणायची ती हीच.

बिभीषणच्या आधी सोमशेखरने आप्पांना वर बोलावलं. नवी पेठेतले सर्वांत ज्येष्ठ व्यापारी म्हणून. पुन्हा टॉवेल-टोपी, पुन्हा माइकवर माझं नाव, आणि आप्पा खुर्चीत परत बसतायत तोवर बिभीषणने सुरूही केलं. मी मांडवामागे मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होतो, त्यामुळे बघितलं नाही, नुसतं ऐकलं. त्याचा मोबाइल स्पीकरला जोडला जाईना, म्हणून नाइलाजाने इसूफभाईंच्या तबल्यावर गावं लागलं. एक जुनं भावगीत. सुरात होता, पण सुरात काय, पेटीही असते. लोक अगदी गप्प बसले होते. कंटाळले असावेत.

त्याचं झाल्यावर माझंच नाव येणार होतं. पण टॉवेल अजून शिल्लक होते आणि दोन्ही क्रिकेट टीम येऊन उभ्या होत्या. सोमशेखरने त्यांना रांगेत वर घेतलं. पॅड बांधलेल्या मुलांनी एकेक करून टॉवेल-टोपी घेतली. अंपायरांनी घेतली. प्रत्येकाला माझं नाव. मी मांडवामागून हात करत होतो की पुरे आता. सोमशेखरला वाटलं मी सगळे संपव म्हणतोय.

मी स्टेजवर गेलो तेव्हा दहाला थोडा वेळ होता. भाषण आवरतं घेतलं, फक्त दोन गुरूंचा उल्लेख केला. मग डोळे मिटून सा लावला. आलापाला तबला नसतो, त्यामुळे इसूफभाई मांडीवर हात ठेवून बसून होते. डोळे उघडले तर माइकवाला टोपी घालून समोर उभा. वेळ संपली शेठ, म्हणाला आणि माइक काढून घेतला. मी माइकशिवाय रे पर्यंत गेलो. तेवढ्यात स्टंप ठोकायला लागले आणि अंपायर ओरडले की काका, बाजूला व्हा, बॉल लागेल.

तरीही भैरवाचे दोन स्वर सोलापूरकरांपर्यंत पोचले. सगळा रागच ऐकवला पाहिजे असं कुठे आहे.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. सा लावून डोळे उघडले तेव्हा मी आधी पहिल्या रांगेकडे बघितलं होतं. आप्पांची खुर्ची रिकामी होती. बिभीषणचं गाणं झाल्यावर पूजेची वेळ झाली म्हणून सुकन्या त्यांना रिक्षाने घरी घेऊन गेली होती. इतक्या वर्षांनी ते आले आणि मी गायच्या आधी निघून गेले. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतंय.

शंभर टॉवेल दिले नसते तर मी साडेनऊलाच गायलो असतो. हा विचार मनात येऊन गेला. सोमशेखरचं नियोजन कच्चं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात जायची इच्छा नव्हती. गेलो.

आप्पा गादीवर बसले होते. मला जवळ बोलावलं. घरात आम्ही कानडी बोलतो. म्हणाले, "छलो हाडिदी." म्हणजे चांगलं गायलास. मला वाटलं चेष्टा करतायत, पण आप्पा चेष्टा करत नाहीत.

पुढे बोलत राहिले. स्टेजच्या मागून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, त्यामुळे दिसलं काही नाही म्हणाले. पण माझा सत्कार झाला, माइकवर तुझं नाव घेतलं आणि तू लगेच सुरू केलंस, ते सगळं ऐकलं. एक अक्षर सोडलं नाही. तुझी आई ते गाणं म्हणायची. मग म्हणाले की ते मास्तर तेव्हा बरोबर सांगत होते, तुला पाठवायला पाहिजे होतं, माझं चुकलं. हे त्यांनी येडूसमोर म्हटलं. येडू चादरींची थप्पी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

त्यांनी बिभीषणला ऐकलं होतं. माझा आवाज त्यांना माहीतच नाही, तर फरक कसा कळणार.

मी तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात दोघी जणी नॅपकिन बघायला आल्या. त्या गेल्यावर आप्पा म्हणाले, उद्या सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी ते गाणं एकदा म्हण. मी बरं म्हणालो.

सुकन्याला सांगितलं. तिने विचारलं की मग सांगितलं का नाही त्यांना. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं होतं. तिने माझं ताट वाढायला घेतलं.

संध्याकाळी बिभीषणच्या घरी गेलो. ते गाणं शिकव म्हणालो. कशाला, असं त्याने विचारलं नाही. चहा ठेवायला सांगितला आणि समोर बसवून ओळ न् ओळ म्हणून घेतली. चहा गार झाला तरी त्याचं लक्ष नव्हतं. एका ठिकाणी माझा सूर लागेना, तर म्हणाला की तिथं जोर लावू नका शेठ, सोडून द्या, आपोआप येतंय. दोनदा आलं. तिसऱ्यांदा गेलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लवकर दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं. येडूची एसटी यायची होती. इसूफभाईंना बोलावलं नाही.

आप्पा गादीवर बसले, टेकले, डोळे मिटले. मी समोर उभा राहिलो. घसा चांगला होता. झोप झाली होती. कालपासून तेलकट खाल्लं नव्हतं. गोडाऊन नव्हतं, कुर्ता नव्हता, टॉवेल नव्हते. मी पूर्ण गाणं म्हटलं. जेवढं येतं तेवढं सगळं लावून म्हटलं.

आप्पा शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदाही हलले नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, परवाचं चांगलं झालं होतं.

मी म्हणालो, होय आप्पा, परवाचं चांगलं झालं होतं.